सात मतांचा आभार दौरा

मी आमच्या गावच्या शाळेत शिक्षिका आहे. गावाच्या अडचणींची यादी माझ्याकडेच असते. गेल्या निवडणुकीच्या निकालानंतर तिसऱ्या दिवशी माजी आमदार एसटीने गावात उतरले. दोनदा निवडून आलेले, यंदा तिसऱ्या खेपेला पडलेले. आभार दौरा जिंकलेला करतो. हे पडूनही आले होते.

पारावरून एकाने टोमणा मारलाच, "आमदारसाहेब, रस्ता चुकला का? इथं तुमाला सातच मतं हायत."

चष्मा उपरण्याने पुसत ते म्हणाले, "म्हनून तर पयलं इथं आलो. सात जनांचे आभार लवकर उरकत्यात. बाकीच्यांचं ऐकायला येळ मिळतो."

"जिंकलात तेव्हा नाही आलात," मी म्हणाले.

"तवा हारतुऱ्यांतच दिवस गेले, बाई. चुकलंच."

मी यादी पुढे केली. पहिला मुद्दा ओढ्यावरच्या पुलाचा होता. पाऊस झाला की पलीकडच्या वस्तीवरची मुले शाळेत येऊ शकत नाहीत. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून सगळी यादी वाचली.

"माझी सही आता चालत न्हाई. पन अर्ज कुठल्या टेबलावर अडकतो, ते ठाऊक हाय," म्हणत त्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली.

चार महिने ते दर सोमवारी नगरला खेटे घालत होते. काल पुलाच्या मोजणीला माणसे आली, पाठोपाठ तेही एसटीने आले. पारावरचे सगळे उठले. जो तो हात जोडून सांगू लागला, "साहेब, त्या सातांतला मी."

मी सवयीने मोजले. एकोणीस भरले, आणि टोमणा मारणारा सर्वांत पुढे होता.