कोरा ठेवलेला चेहरा

मित्रांनो, आज माझ्या फिल्मचा स्टोरीबोर्ड घेऊन आमच्या पांढुर्ण्याहून नदीपलीकडच्या सावरगावला गेले होते. या दोन गावांत दरवर्षी होणाऱ्या गोटमारच्या दगडफेकीत एक डोळा गेलेल्या तिथल्या काकाजींची गोष्ट त्यांना न विचारता करणं मला पटत नव्हतं.

दगड मारणाऱ्याच्या चित्रासाठी घरी बाबाच उभे राहिले. चित्रकलाही मला त्यांनीच शिकवली. चेहरा मी मुद्दाम कोरा ठेवला.

काकाजींनी चित्र उरलेल्या डोळ्याजवळ धरलं. "डावखुरा कावून काढला, पोरी?"

"बाबा डावखुरे आहेत, काकाजी."

ते हसले. "त्या दिवशी पांढुर्ण्याकडून माह्यासमोर एकच डावखुरा होता. कर तू फिल्म, परवानगी आहे. फक्त त्याचं तोंड काढून आण."

घरी आल्यापासून बाबा विचारून राहिले, "आवडली का त्यांना चित्रं?"

तुम्ही काढला असता हा चेहरा?