उरलेला अर्धा कप

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस अंबरनाथ पूर्वेत तर नाहीच, पण पार बदलापूरच्या पलीकडे शोधूनही सापडायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आयुष्यभर कारखान्यात अजस्र यंत्रांशेजारी उभे राहिले, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला ते अर्ध्या रस्त्यातून तीनदा घरी परत येतात. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. रिक्षात बसतानाही हेल्मेट घालतात. एकदा रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "काका, माझ्यावर भरवसा नाय काय?" तर हे म्हणाले, "तुझ्यावर आहे रे, समोरून येणाऱ्यावर नाही." अशा माणसाला निवृत्तीनंतर काम कुठलं मिळावं? तर घाबरलेली माणसं धीर शोधत जिथे येतात, नेमकं तिथे दारात बसायचं.

ताई शाळेत शिकवायची. नोकरी संपल्यावर तिने रीतसर शिक्षण घेतलं आणि मानसशास्त्र शिकलेल्या लेकीला जोडीला घेऊन तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत समुपदेशन केंद्र काढलं. आतल्या खोलीत या मायलेकी आळीपाळीने लोकांचं ऐकून घेतात, बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली दाजी वही घेऊन बसतात. आलेल्या माणसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेड्यात काढू नये ही त्यांची पहिली धास्ती, म्हणून दारावरची पाटी त्यांनी इतक्या बारीक अक्षरांत करून घेतली की कुरिअरचं ऑफिस समजून लोक पार्सलं घेऊन यायचे. आतलं बोलणं चुकून आपल्या कानावर पडेल म्हणून ते सतत रेडिओ लावून ठेवतात. आणि कुणाचं नाव आपल्या तोंडून निसटेल या भीतीने त्यांनी नावं घेणंच सोडलं, माणसं ते पायताणांवरून ओळखतात. जेवताना ताईला सांगतात, "निळ्या सँडल आज जरा हसल्या हो." किंवा, "तुटक्या अंगठ्याची चप्पल दोन आठवडे आली नाही, फोन करतेस का?" माझी ओळख कशावरून, असं मी एकदा चेष्टेने विचारलं. म्हणाले, "तुला बघावंही लागत नाही, तुझे मोजे लांबूनच कळतात."

पण दाजींचा स्वतःचा खास शोध म्हणजे अर्धा चहा. आत जाण्याआधी प्रत्येकाला ते मोजून अर्धा कप चहा देतात आणि थर्मासचं झाकण घट्ट फिरवत म्हणतात, "उरलेला पुढच्या वेळी." पूर्ण कप फक्त शेवटच्या भेटीला. ताईने कितीदा सांगितलं, "अहो, भरून द्या की, लोक आपल्याला कंजूष म्हणतील." दाजी ऐकत नाहीत. आपला चहा राहिलाय हे लक्षात असलं की माणूस परत येतो, असा त्यांचा हिशेब. मी या हिशेबाला चारचौघांत भरपूर हसलोय.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी सहज तिथे जाऊन बसलो होतो. 'काळे बूट' बाहेर आले. हा उल्हासनगर कॅम्प चारमध्ये जीन्स शिवायचा छोटा कारखाना चालवणारा चाळिशीचा माणूस, बरेच दिवस येत होता. त्याला कसलं दुःख होतं ते मला आजही ठाऊक नाही, दाजींनी सांगितलं नाही. दाजी नेहमीप्रमाणे "उरलेला पुढच्या वेळी" म्हणाले, तर तो शांतपणे म्हणाला, "नको काका. माझा उरलेला दुसऱ्या कोणाला द्या." मग वाकून दाजींना नमस्कार केला आणि गेला. मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे! वळून बघतो तर दाजींचा चेहरा पांढराफटक.

आतल्या दारावर कधीही थाप न मारणाऱ्या दाजींनी ते दार धाडधाड वाजवलं. ताईने ऐकलं मात्र, लगेच फोन लावला. त्याचा फोन बंद. बायको माहेरी बदलापूरला गेलेली, "कारखान्यात बघा" म्हणत ती फोनवरच रडत निघाली. भाची पोलिसांना फोन लावू लागली. "तुम्ही पुढे व्हा, पुढच्या भेटीच्या बाईंना नीट सांगून मी आलेच," ताई म्हणाली. दाजींनी एका हातात थर्मास घेतला, दुसऱ्या हातात माझं मनगट. रिक्षा बरीच पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हेल्मेट खुंटीवरच राहिलं होतं.

त्याच्या कारखान्याच्या गल्लीत सगळीकडे मशिनी खडखडत होत्या. एकच शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून खाली ओढलेलं होतं आणि आतून कसलाही आवाज नव्हता. खरं सांगतो, वाकून आत बघायचा धीर मला झाला नाही. दाजी मात्र तिथेच रस्त्यावर, कापडाच्या चिंध्यांत, फतकल मारून बसले.

"अहो, तुमचा चहा राहिलाय," ते शटरखालून म्हणाले.

त्यांनी थर्मासचं झाकण शटरवर टकटक वाजवलं.

"मला फार भीती वाटतेय हो. आत आहात ना? नुसतं हो म्हणा."

शेवटी आतून घोगरा आवाज आला, "काका, तुम्ही कशाला आले? जावा ना घरी."

"एकट्याने परत जायची भीती वाटते मला," दाजी म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो!

आतून हुंदका ऐकू आला आणि शटर वर गेलं. त्याला कापडाच्या गठ्ठ्यावर बसवून दाजींनी चहा ओतला. ताई पोचेपर्यंत दाजींनी त्याची बाही सोडली नाही.

पुढे ताईच्या सांगण्यावरून डॉक्टरांचे उपचारही सुरू झाले, बायको सोबत येऊ लागली, आणि माणूस हळूहळू सावरला. पंधरा दिवसांपूर्वी त्याची शेवटची भेट होती. दाजींनी नियमाप्रमाणे काठोकाठ कप भरला, पण चेहरा असा केला होता की जणू हात धरून कुणाला कड्यावर आणून सोडतायत. आता याचं इथे काही उरलं नाही, मग हा परत कशाला येईल, हीच धास्ती. मी या वेळी हसलो नाही, कारण मलाही तीच भीती वाटत होती.

त्याने सावकाश निम्मा चहा प्यायला, दाजींकडे बघितलं आणि कप त्यांच्या वहीशेजारी सरकवला. "अर्धा राहू द्या, काका," तो म्हणाला. "परत येईन तेव्हा घेईन." काळे बूट चढवून तो बाहेर पडला. संध्याकाळी ताई भांडी आवरायला आली तोवर त्या चहावर जाड साय धरली होती, तरी दाजी तो कप कुणाला विसळू देईनात.