जळक्या साडीची फेरी

अख्खी गल्ली त्यांना कडककाका म्हणायची. काय तो थाट होता त्यांच्या इस्त्रीचा! त्यांनी घडी घातलेला सदरा अंगात चढवला, की वाकलेला माणूसही ताठ चालायचा. इस्त्री आधी ओल्या फडक्यावर टेकवायची, चर्र आवाज कानाने जोखायचा आणि मगच कापडाला लावायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम.

एका सकाळी गप्पांच्या नादात हा नेम चुकला. शाळेतल्या बाईंच्या रेशमी साडीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. काकांनी साडी पेटीत दडपली आणि बाई विचारायला आल्या, तेव्हा गठ्ठ्यात ती नव्हतीच असं बोलून बसले.

गठ्ठा आणला होता बाईंकडे धुणंभांडं करणाऱ्या मावशींनी. मग काय, गल्लीला विषयच मिळाला. कुणी मावशींना पदराआड काहीतरी नेताना पाहिलं, तर वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी त्यांना तीच साडी नेसून मिरवताना पाहिलं. साडी बिचारी पेटीतच होती! बाईंनी मावशींना कामावरून काढलं, आणखी दोन घरांनी दार बंद केलं.

मावशी एकदाच काकांच्या इस्त्रीच्या टपरीशी थांबल्या. हळूच म्हणाल्या, "काका, साडी गठ्ठ्यात सगळ्यात वर होती. तुम्ही विसरला असाल."

मावशींनी आपल्यालाच सांभाळून घ्यावं, हे काकांच्या जिव्हारी लागलं. बायकोजवळ त्यांनी सगळं ओकून टाकलं. बाईंना सांगून मोकळे व्हा, असं तिचं म्हणणं. पण खोटं घरोघर पोचलं होतं. एका दारात सांगून कसं भागणार?

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच कपडे पोचवायला निघाले. प्रत्येक दारात आधी जळकी साडी उलगडायची, आपला खोटेपणा सांगायचा, मग कपडे द्यायचे. कुणी हसलं, कुणी उपदेश केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मावशींना परत बोलावते म्हणाल्या आणि काकांना मात्र पुन्हा कपडे न देण्याचं ठरवलं. काकांनी मान डोलावली.

शेवटी मावशींचं घर. त्यांनी डागावरून बोट फिरवलं.

"उशीर केलात, काका."

"केला."

"वकीलसाहेबांना सांगितलंत?"

"घरी नव्हते ते."

"मग इथे बसू नका. आता आले असतील."

काकांनी साडीची घडी घातली आणि वकीलसाहेबांचा जिना चढायला निघाले.