व्याही आणि जांभळी कुपी

माझ्या व्याह्यांसारखा माणूस महाड-पोलादपुरात दुसरा नाय, आणि नाय तेच बरं; दोन असते तर कुणाच्या चुलीवर वेळेवर भात शिजला नसता. महाडच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. ते रिटायर झाले, त्यांचे प्रयोग मात्र रिटायर झाले नाहीत. लेकीच्या लग्नाच्या बैठकीत मी मानपानाचं विचारलं. आमच्याकडे वरबाप टोपी-टॉवेलासाठी भरल्या पानावरून उठतात. हे म्हणाले, "टोपी नको. चुलीजवळ जागा द्या आणि विहीणबाईंच्या डब्यातली मूठभर बडीशेप." मला वाटलं, पोट बरं नसेल.

त्यांच्या खिशात कायम पांढरे दाणे, साबुदाण्यासारखे. एकदा त्यांचा उपवास म्हणून आमच्या हिनं ते साबुदाणा समजून रात्री भिजत घातले. सकाळी व्याही पातेल्यासमोर सुतकी तोंड करून बसले. "विहीणबाई, पाण्यानेच ह्यांचा घात होतो." ही म्हणाली, "मग पोलादपुरात कशाला आणलेत? हितं पावसात माणसाला बुरशी येते."

मग मला समजावत बसले. दाण्यात डोळ्याला न दिसणाऱ्या खोल्या असतात. कशेडी घाटातल्या काळ्या दगडात पांढरे खडे सापडतात, त्यांचीच ही भावकी, फक्त घरं ऐसपैस. निखाऱ्यावर भाजून ओल घालवली, की बडीशेपेच्या तेलाचा कण आत शिरतो, दाणा त्याच्यावर विजेचा भार चढवतो आणि रंग उमटतो. असा भारलेला कण उघड्यावर डोळ्याचं पातं लवेस्तोवर टिकत नाही. आत भिंती त्याला सांभाळतात. मी म्हटलं, "म्हंजे तुमच्या पोरासारखं. घरात काय तो रंग, बाहेर कोण इचारीत नाय." व्याही जराही न रागावता म्हणाले, "अगदी बरोबर पकडलंत."

तेल काढायला आमचाच कुकर घेतला. पुढं कितीतरी दिवस भाताला लग्नातल्या मुखवासाचा वास येत होता. पण काचेच्या कुपीत, भाजून कोरड्या केलेल्या दाण्यांवर थेंब पडला आणि बघता बघता दाणे पिकल्या जांभळासारखे झाले. ही चूल फुंकायची थांबली. "माझ्या बडीशेपेत ह्यो रंग कुठं दडला होता?" लगेच भानावर येऊन म्हणाली, "पावसाळा काढला तर मानीन." व्याह्यांनी बुचावर लाख ओतली. "उघडायचं नाही. ओली हवा लागली की संपलं."

रंगानं पावसाळा काढला. हिनं नाय काढला. गणपतीच्या आधीच गेली.

तिचा डबा दिवसकार्याच्या माणसांनी संपवला. तिच्या हातची बडीशेप राहिली ती त्या कुपीत. एक दिवस मला राहवेना, मी लाखेला नख लावलं. व्याही समोर बसले होते.

"वास येईल का?" मी विचारलं.

"येईल थोडा. एकदाच. मग दाणे पांढरे पडतील." कुपीकडे बघत म्हणाले, "कुपी तुमची आहे. मी अडवणार नाही."

मी नख काढून घेतलं. कुपी चुलीवरच्या फळीवर ठेवली, तिथं ऊब असते.

व्याही अजून येतात, दाणे भाजतात, कुकर बिघडवतात. पण आल्या आल्या चपला काढून पहिले फळीशी जातात, कुपी उजेडाकडे धरतात आणि विचारतात, "काय विहीणबाई, मानलंत का?"

उत्तर मीच देतो. "मानलंय. ठेवा आता जागेवर."

आणि चहाचं आधण लांब, मागल्या दारच्या चुलीवर ठेवतो. वाफ नको लागायला.