निवट्यांचे डोहाळे

सातवा महिना लागला आणि मला निवट्या खाव्याशा वाटू लागल्या. खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटाएवढे मासे ते. आई कैरी घालून त्यांचं कालवण करायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. नवऱ्याने विचारलं, "डोहाळे माशांचे की आईचे?" मी चपला घातल्या आणि खाडीकाठच्या मामाकडे निघाले.

टिटवाळ्याहून रविवारी दुपारी निघा, बसायला जागा मिळते. डोंबिवलीला पश्चिमेकडे उतरलं की शेअर रिक्षा थेट खाडीवर सोडते. सुटे पैसे ठेवा, नाहीतर रिक्षावाल्याचं प्रवचन ऐकावं लागतं. लहानपणी इथे उतरलं की पाय चिखलात रुतायचा. आता पायाखाली आधी पिशव्या येतात, मग चिखल. तरी पाणी दिसलं आणि आईची फार आठवण आली.

फोन आधीच केला होता, त्यामुळे मामाने सकाळच्या ओहोटीला निवट्या धरून ठेवल्या होत्या. "आलीस गो? पहिले पानी पी," म्हणत मामीने विळी पुढ्यात ओढली. तिसऱ्या निवटीच्या पोटातून निळा प्लास्टिकचा धागा निघाला, ताडपत्रीचा असतो तसा. पाचवीतही तेच. मामीने विळी आडवी केली.

"नाय गो, ही तुला नाय घालायची."

"पोटुशीला नाय म्हनू नये," मामा म्हणाला. "डोहाले ऱ्हायले तं पोराची लाल गलते."

"तुमी गप ऱ्हावा."

"मामी, तुम्ही दोघं खाताच की रोज," मी म्हटलं.

"आमचं काय ऱ्हायलंय आथा?"

दिसतो तो धागा तरी काढता येतो. न दिसणारे प्लास्टिकचे कण बाळाच्या वारेतही सापडलेत, असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्याने नेमकं काय होतं, ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही.

पण पोटुशी बाई रिकाम्या हाताने कशी जाईल? मामीने तेच वाटण, तीच कैरी घालून वांग्याचं कालवण केलं आणि उकळतंच श्रीखंडाच्या डब्यात भरलं. आमच्याकडे हे डबे कधी फेकत नाहीत. मीही तो मांडीवर घेऊन शहाण्यासारखी टिटवाळ्यापर्यंत आले.

घरी झाकण काढलं. वास अगदी आईच्या हातचा. डबा मात्र मऊ पडून बुडाशी फुगला होता, हळदीने पिवळाजर्द. ज्या प्लास्टिकपायी मामीने निवट्या बाजूला ठेवल्या, तेच कालवणात उतरलंय, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं.

बराच वेळ नुसता वास घेतला. मग कालवण मोरीत ओतलं.

खाडी बघायला जरूर जा, संध्याकाळी अजून छान दिसते. जाताना स्टीलचा डबा न्या.

डबा घासत होते तेवढ्यात मामीचा फोन आला. "खाल्लंस गो?"

"खाल्लं," मी म्हटलं. बाळाची लाळ गळली तर पुसता येईल.