सतरा चेहरे

कर्जत-खालापूर पट्ट्यात जिवंतांपेक्षा मेलेल्यांशी जास्त घरोबा असलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे आतोबा. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर ते रस्त्यांचे जुने फोटो जमवायला लागले, तेही आज्या-पणज्यांच्या काळातले. राजेरजवाडे, नवरानवरी, मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे साहेब, हे सगळं वर्ज्य. फोटोत रस्ता हवा आणि त्यावर आपापल्या कामाची साधी माणसं हवीत. सत्तेचाळीसच्या सुमारास साहेबलोक माथेरानचे बंगले विकून जाऊ लागले. सगळा देश स्वातंत्र्याच्या गडबडीत होता आणि आतोबा नेरळहून डोंगर चढून साहेबांनी टाकलेले आल्बम उपसत होते. घरी आले की डोळ्याला भिंग लावून आत्याला हाक मारायचे, "अगं, हा पानवाला डावखुरा आहे, बघ." आत्या भाकरी थापता थापता म्हणायची, "असू दे. त्याला जेवायला बोलावू नका म्हणजे झालं."

या खटाटोपामागचं कारण आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं. आतोबा तीन महिन्यांचे असताना त्यांचे वडील गेले. वडिलांचा एकही फोटो नव्हता. त्यांच्या आईने एवढंच सांगितलं होतं, की आतोबांच्या बारशाआधी कुणा साहेबाने खालापूरच्या बाजाराचा फोटो काढला आणि त्या दिवशी वडील घरी येऊन म्हणाले, "मीही आलो असेन त्यात." तेवढ्या बोलण्यावर आतोबांनी जन्म काढला, आणि अखेर माथेरानच्या एका आल्बमात तो बाजार सापडला. कासारापासून हमालापर्यंत सतरा पुरुषांचे चेहरे स्पष्ट होते. त्यातले वडील कोणते, ते कळेना. आरशात स्वतःचं नाक आणि भिंगातून त्यांची नाकं बघण्यात दोन महिने गेले. एकदा मला घेऊन खालापूरच्या बाजारात गेले आणि भर रस्त्यात एका मोकळ्या जागेला वळसा घालून चालू लागले. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तिथे कासार बसलाय ना."

शेवटी कळलं, की कुंभिवलीत एक म्हातारी आहे, तरुणपणी ती त्या बाजारात भाजी विकायची आणि आतोबांच्या वडिलांना ओळखायची. आम्ही बैलगाडीने गेलो. म्हातारीने भिंग घेऊन आधी स्वतःलाच शोधलं. "ही बगा मी," ती खुशीत म्हणाली, "नाकात नथ हाय." मग आतोबा एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले आणि ती नाय, नाय म्हणत गेली. सतराव्या चेहऱ्यालाही ती नायच म्हणाली, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मग तिने तेल्याच्या दुकानापुढच्या एका करड्या, पुसट पट्ट्यावर नख टेकवलं. फोटो काढताना कुणी चालत राहिलं, की त्याचा असा पट्टा उमटत असे.

"ह्यो तुमचा बा," ती म्हणाली. "सायेब वरडत व्हता, कोनी हलू नका. समदी थांबली, ह्यो येकटा निगाला. बोलला, घरात बाळंतीन हाय, माजं पोर रडत आसंल, मला येळ नाय."

परतताना आतोबांनी गाडीत फोटो मांडीवर धरला होता. मी म्हणालो, "चेहरा नाहीच मिळाला." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "नाही रे," ते म्हणाले, "पण माझ्याकडेच निघाले होते."

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो माझ्याकडे आहे. पाहुणे तो हातात घेतात, सगळे चेहरे बघतात, आणि धूळ समजून तेवढा पट्टा बाहीने पुसायला जातात. मी त्यांचा हात धरतो.