केसर नव्हे, क्वेसार

पालघर जिल्हा नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट, पण माझं डोकं अजून थंड झालेलं नाही. तलासरीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते. माझ्या नववीतली पाड्यावरची एक मुलगी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात उतरली. जिल्ह्याला निवड झाली तर दहावीला पाठवू, नाहीतर कामाला, असं बापाने तिला बजावलं होतं.

विषय तिनेच निवडला होता: क्वेसार. अतिदूरच्या दीर्घिकांची भयंकर तेजस्वी केंद्रं. विश्व लहान असताना सगळीकडे हायड्रोजन भरलेला होता. कशाच्या तरी प्रखर प्रकाशाने त्याचे अणू फोडले. ते काम क्वेसारांनी केलं का, एवढाच तिचा प्रश्न.

प्रदर्शनात पोचलो तर आमचं टेबल शेती विभागात, गांडूळखताच्या शेजारी. नावं लिहिणाऱ्या महाशयांनी 'क्वेसार'चं 'केसर' केलं होतं. बागांचा मुलूख, पलीकडे गुजरात. इथे केसर म्हणजे आंबा. मी तावातावाने टेबल बदलून मागितलं. "मॅडम, टेबल टेबलच असतं ना," असं उत्तर मिळालं.

परीक्षक आले आणि विचारते झाले, "कलम किती वर्षांत धरतं?" आजूबाजूचे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी मात्र म्हणाली, "आंबा नाय सर, आकाशातलं हाय," आणि तिने बटण दाबलं.

काळ्या पुठ्ठ्यावर मधोमध मोठा बल्ब, भोवती गणपतीच्या माळेतले बारके दिवे. मोठा तो क्वेसार, बारके त्या लहान दीर्घिका. क्वेसार झगझगीत खरे, पण त्या काळात फार थोडे. म्हणून बहुतेक काम बारक्यांनीच केलं असावं, पण वाद अजून मिटलेला नाही, असं तिने नीट समजावलं.

"म्हणजे क्वेसारने काही केलंच नाही?"

"थोडं केलं असंल, सर."

"मग विषय कशाला घेतला? निष्कर्ष ठाम पाहिजे. क्वेसारनेच केलं म्हण, मी तुला पुढे पाठवतो."

म्हणे ठाम! शास्त्रज्ञ अजून भांडतायत, आणि यांना पाच मिनिटांत निकाल हवा होता. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणून टाक, असं सांगायला माझी जीभ वळेना आणि म्हणू नकोस सांगायलाही.

तिने मोठा बल्ब फिरवून काढला. बारके दिवे तसेच चालू राहिले. "आता सांगा सर, किती अंधार झाला?"

परीक्षक गांडूळखताकडे वळले. जिल्ह्याला तेच गेलं.

जूनमध्ये दहावीची पहिली हजेरी घेताना मी तिचं नाव पुकारलं. मी चिडून पुन्हा पुकारलं, मोठ्याने.

"मॅडम," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "ती बोर्डीला चिकूच्या बागेत जाते."